वैऱ्यांची यादी

संभाजीनगरच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतो. म्हणजे दर जूनला मला पुन्हा नेमायचं की नाही, हे वरचे ठरवतात. त्या वर्षी मध्ययुगीन युरोपातले पाखंडाचे खटले शिकवताना मी बोलून गेलो, की राजाला एखाद्याची इस्टेट डोळ्यात भरली की त्याच्या श्रद्धेत लगेच खोट सापडायची. पोरं हसली. आठवड्याच्या आत माझ्यावर चौकशी समिती बसली.

अध्यक्ष वनस्पतिशास्त्राचे. त्यांनी विचारलं, "कोणत्या राजाबद्दल बोललात?"

"फ्रान्सच्या."

"मग पोरं का हसली? फ्रान्सच्या राजाला आपली पोरं हसत नसतात."

तर्क बिनतोड होता. तक्रार कुणाची, तर म्हणे गोपनीय. माफीनामा मात्र टाइप होऊन चहाच्या आधीच आला. पाखंडाच्या त्या जुन्या खटल्यांतल्या न्यायाधीशांना कबुलीसाठी निदान खटपट तरी करावी लागायची. इथं फक्त सहीची जागा रिकामी होती.

मलाही विद्वत्तेची खाज सुटली. म्हटलं, "तेव्हाही आरोपीला तक्रारदाराचं नाव सांगत नसत. पण त्याला आपल्या वैऱ्यांची यादी देता यायची. तक्रारदार तिच्यात निघाला, तर त्याची साक्ष बाद. मला तेवढा तरी हक्क द्या."

"व्हय, द्या की!" अध्यक्षांना गंमत वाटली.

मी कागद ओढला आणि सात नावं उतरवली. खरं सांगतो, लिहिताना मजा आली. माझे तास पळवणारे, माझ्या जागेवर डोळा ठेवणारे, कन्नड गावाहून जीपनं उशिरा येऊन मस्टरवर वेळेची सही ठोकणारे, कुणालाच सोडलं नाही.

अध्यक्षांनी यादी तक्रारअर्जाशी ताडून पाहिली आणि भाबडेपणानं म्हणाले, "नाय सर, यातलं कुणीच नाय. हे तर तुमच्यासंगं डबा खाणाऱ्यातलं..." शेजारच्या सदस्यानं त्यांचा हात दाबला.

मी सही केली. लाज वाटली, पण केली. नोकरी राहिली. तो धडा अजून अभ्यासक्रमात आहे. शिकवा, पण फार समजावू नका, असं तोंडी बजावलंय.

दुपारी स्टाफरूममध्ये आम्ही चौघं डबे उघडतो, कित्येक वर्षांचे मित्र. एक जण ठेचा पुढं करतो, दुसरा भाकरी मोडून देतो, तिसरा विचारतो, "गप का रे?" तिघांतले दोघं निर्दोष आहेत, हे मला ठाऊक आहे. तरी मी आता तिघांशीही जपूनच बोलतो.