दोन बोटांची जागा

मी चौथीला शिकवायचे. ती माझ्या वर्गात आली, तेव्हा माझं लक्ष आधी तिच्या वहीकडे गेलं. दोन शब्दांमध्ये दोन बोटं मावतील एवढी जागा. तिचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. शब्दांना श्वास घेऊ द्यावा, हे त्यांचंच शिकवणं. मुलं तिला ‘दोनबोटी’ म्हणून चिडवायची. ती ढिम्म.

पुढे ती एका इस्पितळाच्या नोंदविभागात लागली. गेल्या वर्षी आमच्या ह्यांच्या मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन तिथेच ठरलं, त्या सकाळी डॉक्टर म्हणाले, "पाच वर्षांपूर्वीचा स्कॅन पाहिल्याशिवाय मी हात लावणार नाही." मी धावत तळमजल्यावर तिच्याकडे गेले.

नेमक्या त्याच सकाळी सगळ्या फाइली नव्या संगणकावर हलवल्या होत्या. जुना संगणक बारा वाजता आपोआप पुसला जाणार होता. ते थांबवणं इथल्या कुणाच्या हातात नव्हतं. साडेअकरा झाले होते आणि ह्यांची फाइल नव्यावर नव्हती.

"पडद्यावर ‘काम पूर्ण’ आलंय," तिचे साहेब म्हणाले. "मुळातच नसेल."

"आहे साहेब. नाव मीच दिलंय." तिने जुन्या संगणकावर बोट ठेवलं : ‘४१२ मेंदू जुना’. मग फाइली हलवणारी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांची यादी, उघडली आणि तिचा चेहरा उतरला.

"बाई, मी नावात जागा सोडलीय. ह्याला ती तीन नावं वाटतात. आधी ४१२ शोधतो, मग मेंदू, मग जुना. एकही सापडत नाही, की मुकाट्याने पुढे."

"अशा किती?" मी विचारलं.

"माझ्या सगळ्याच. नऊशे."

"सुटसुटीत नावं द्यायला काय धाड भरली होती?" साहेब म्हणाले. "आता नऊशे नावं बदलत बसणार?"

"नावं नाही बदलत."

आज्ञेत फाइलचं नाव येत होतं, तिथे तिने दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं घातली. "आता आतलं सगळं मिळून एकच नाव."

"ह्यांची आधी पाठव गं."

"नाही बाई. चुकलं तर काकांची नको."

तिने ‘कोरा कागद’ नावाची रिकामी फाइल केली, पाठवली. पोचली. बाराला अकरा कमी होते. मग ओळी सरकू लागल्या. मी खुर्चीची पाठ धरून उभी. ४१२ दिसली तेव्हा बाराला सात कमी होते. शेवटची फाइल गेली तेव्हा दोन.

हे आता रोज संध्याकाळी फिरायला जातात. ती त्याच विभागात आहे, आणि फाइलींच्या नावांत अजून जागा सोडते.