तुरटीच्या पाण्यातली ज्वारी

"सोलापुरात हा विषय कशाला?" हे मारियाला ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्यांतल्या एकालाही उत्तर ऐकायचं नव्हतं. मी वैजयंती, प्रयोगशाळेत तिच्या शेजारच्या टेबलावर काम करते. त्यामुळं हे सगळं मी माझ्या कानांनी ऐकलंय आणि तिच्यापेक्षा माझंच डोकं जास्त तापलंय.

मारिया भवानी पेठेतली. तिचे वडील रफीकभाई चादरींच्या गठ्ठ्यांचा टेम्पो चालवतात. तिचा पीएच.डी.चा विषय असा: आंबट मातीत अ‍ॅल्युमिनियम विरघळतं आणि पिकांच्या मुळांची वाट लावतं. ज्वारीत मात्र एक जनुक असतं. ते जागं झालं की मुळाचं टोक लिंबात असतं तसलं आम्ल सोडतं आणि त्या विषाला बाहेरच धरून ठेवतं. एरवी हे जनुक झोपल्यासारखंच. त्याला जाग कशानं आणि कधी येते, हे मारियाला शोधायचं होतं. आता आमची माती काळी, चुनखडीची. आंबटपणा औषधालाही नाही. म्हणून संशोधन समितीनं बजावलं, की पुढच्या बैठकीपर्यंत काही हाती लागलं नाही तर हा विषय बंद.

"माती नसंल आपली, पण ज्वारी तर आपली हाय की," मारिया मला म्हणाली. "ती दुसरीकडं कशी तगते ते आपण न्हाय बघायचं तर कुणी?"

आणि ऐन वेळी शुद्ध पाण्याचं यंत्र बंद पडलं. अर्धी रोपं त्या पाण्यात आधीच लावून झाली होती. उरलेल्यांसाठी तिनं घरच्या पिंपातून कॅन भरून आणला. दोन्ही पाणी सारखंच आंबट केलं. आठवड्यानं सगळी रोपं अ‍ॅल्युमिनियमच्या कडक द्रावणात ठेवली आणि मग मुळं रंगात बुडवली. विष शिरलेलं मूळ त्या रंगात जांभळं होतं. यंत्राच्या पाण्यातली मुळं जांभळी झाली. घरच्या पाण्यातली पांढरीच राहिली.

"पाण्यात काहीतरी गेलंय. फेकून दे, आणि कुठं बोलू नकोस," आमचे मार्गदर्शक शिवयोगी सर म्हणाले.

मारिया फेकणारी नव्हे. त्याच संध्याकाळी मला घेऊन ती घरी गेली आणि चपला काढता काढताच तिनं आईला विचारलं, "अम्मी, पिंप के पानी में क्या डाले थे?"

"तुरटी फिराई थी," कमरबी म्हणाल्या. "मटमैला पानी आया तो क्या वैसाच पीते क्या?"

नळाला गढूळ पाणी आलं की इथं घरोघरी हेच करतात. पण तुरटीत अ‍ॅल्युमिनियमच असतं! गाळ खाली बसला तरी थोडं पाण्यात राहतं, आणि मारियानं पाणी आंबट केल्यावर ते विरघळलं. म्हणजे या रोपांनी विष आधीच थोडं चाखलं होतं आणि आपलं जनुक उठवून ठेवलं होतं. मोठा मारा आला तेव्हा ती तयारीत होती. मारिया पिंपाशेजारी फरशीवर मटकन बसली आणि हसतच सुटली. मला तर रडू आलं.

मग तिनं तुरटी तोलूनमापून घालून प्रयोग पुन्हा केला, जनुक किती जागं होतं तेही मोजलं. मुळं पुन्हा पांढरी.

बैठकीत समितीतल्यांनी आकडे दोनदा तपासले. विषय चालू ठेवायला ते तयार झाले, पण एका अटीवर. "तो पहिला प्रयोग गाळा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "घरचं पिंप, आईची तुरटी... लोक हसतील. आधीपासून ठरवूनच केलं असं लिहा."

"मी ठरवलं नव्हतं," मारिया म्हणाली. "माझ्या अम्मीनं पाणी स्वच्छ केलं होतं, तेच लिहिलंय. ते गाळायचं असेल तर विषय काढून घ्या. खोटं लिहून मला डॉक्टर व्हायचं नाही."

शिवयोगी सरांनी अहवाल स्वतःकडं ओढला. मला वाटलं, आता ते पान फाडतात. त्यांनी पिंपाच्या त्या पानावर सही केली आणि अहवाल अध्यक्षबाईंपुढं सरकवला.

"आता मलाही हसा," ते म्हणाले.