दातांनी ऐकणारे भाऊजी

आमचे भाऊजी गिटार दातांनी ऐकायचे. नवं गिऱ्हाईक आलं की ते त्याची गिटार अँप्लिफायरला जोडूच द्यायचे नाहीत. गिटारच्या खांद्याशी जे टोक पुढे आलेलं असतं, त्यावर रुमाल टाकायचे, त्यात दात रोवायचे आणि हातानं खूण करायचे, वाजव. दंडावर कवट्या गोंदवलेले दांडगे लोक यायचे, पण आपल्या गिटारला कुणी चावतंय म्हटल्यावर त्यांचा चेहरा सुईला घाबरलेल्या पोरासारखा व्हायचा. भाऊजी मिनिटभर डोळे मिटून बसायचे आणि मग निकाल द्यायचे. "लाकूड जड आहे. याला मोकळ्या आवाजाचा पिकअप लागेल."

पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेली चपटी डबी. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तारेची थरथर हीच डबी पकडते आणि अँप्लिफायरला कळवते. वेढे वाढवले की आवाज दणकट आणि जाड होतो, कमी केले की मोकळा आणि धारदार. मधली जागा शोधणं हे भाऊजींचं काम. आमच्या खोलीत दोन टेबलं पाठीला पाठ लावून होती. एकावर ते वेढे घालायचे, दुसऱ्यावर मी अँप्लिफायर दुरुस्त करायचो. ताईचं लग्न झालं तेव्हा मी रिकामटेकडा होतो. भाऊजींनी हातात डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न दिलं, ते आजतागायत सुटलं नाही.

प्रत्येकाची मागणी एकच. "काका, सगळ्यात जोरदार पिकअप द्या."

"जोर अँप्लिफायर देतो, बाळा. पिकअपनं अक्कल द्यायची असते."

मग त्याला बसवून समजवायचे. हार्ड रॉक वाजवायचं असेल तर मध्यम वेढ्यांचा घे, हात हलका केलास की आवाज निवळला पाहिजे. त्याहून दणदणीत मेटल वाजवायचं असेल तर वेढे जास्त आणि चुंबक कडक, म्हणजे जाड तार तळव्याखाली दाबून भराभर मारलीस तरी प्रत्येक घाव सुटा ऐकू येईल. घावांचा चिखल झाला तर पिकअप फेकून दे. एवढं सांगून झाल्यावर गिऱ्हाईक मोबाइल काढून, वेढ्यांबरोबर वाढणाऱ्या मीटरच्या आकड्यांबद्दल विचारायचं आणि भाऊजी भडकायचे. "मीटर बहिऱ्यांसाठी असतो!" हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. त्यांचा स्वतःचा मीटर कपाटावर धूळ खात पडला होता.

खरं सांगायचं तर मला आधीच कळायला हवं होतं. पाचेक वर्षांपूर्वी पहिली तक्रार आली. मग दुसरी. "काका, कानात सुई घुसल्यासारखं वाटतं." भाऊजींनी त्यांनाच झापलं, तुमचे कान बिघडलेत म्हणून. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी मनात म्हटलंही, पण ते गिऱ्हाइकांबद्दल. गिऱ्हाइकं यायची थांबली. भाऊजी मात्र सारखे म्हणायचे की हल्ली तांब्याच्या तारेतच दम नाही, सगळं घोंगडीखालून आल्यासारखं ऐकू येतं. म्हणून ते वेढे कमी करत गेले. आणखी कमी. आणि दातांनी ऐकणं वाढलं. पूर्वी एकदा ऐकायचे, आता दहादा चावायचे. मी आणि ताई हसायचो. गाढव होतो आम्ही.

त्यांचे वरच्या पट्टीचे कान गेले होते. ज्या धारेची त्यांना उणीव भासायची, ती आवाजात होतीच. फक्त त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हती.

हे मला त्यांच्या लेकीमुळे कळलं. माझी भाची मेटल वाजवते आणि उत्तम वाजवते, मामा म्हणून म्हणत नाही. तिच्या बँडचं पहिलं रेकॉर्डिंग ठरलं, तेव्हा भाऊजींनी तीन आठवडे खपून तिच्यासाठी पिकअप केला. मागच्या पट्टीवर खिळ्यानं नेहमीची खूण कोरली, तिरकी रेघ आणि एक टिंब. वहीत वेढे लिहिले. स्वतः तिच्या गिटारमध्ये बसवला. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी दुपारी, भाऊजी जेवायला घरी गेलेले असताना, भाची खोलीत आली.

"मामा, हे नाही चालणार रे. तालमीत सगळ्यांनी कान झाकले. ड्रमवाला म्हणाला, पत्रा कापतेस का?"

"मग सांग बाबांना."

"तू सांगतोस?"

भाऊजींना लोक ओळखायचे ते कानासाठी. तो कान गेला असं त्यांना त्यांच्याच लेकीनं सांगायचं? ताईला फोन केला, तर ती म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. काहीतरी जुळवा तुम्ही दोघं."

मी जुळवलं. बाजारचा एक चांगला, भरपूर वेढ्यांचा पिकअप आणला, भाऊजींची पट्टी काढून त्याला लावली आणि वरचं झाकणही त्यांचंच बसवलं. बाहेरून बघून ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. त्यांचा पिकअप फडक्यात गुंडाळून माझ्या खणात तळाशी ठेवला. चांगलं काम करतोय असंच वाटत होतं मला.

रेकॉर्डिंग आलं. भाऊजींनी ते माझ्या मोठ्या स्पीकरवर लावलं आणि उभ्या उभ्या ऐकलं. गाणं संपल्यावर टेबलावर थाप मारली. "ऐकलंस, शहाण्या? एवढ्या वेगात मारतेय, तरी एकेक घाव मोजून घे. आणि म्हणे काकांचा हात गेला!" त्या रात्री ते दोन पोळ्या जास्त जेवले, असं ताईनं कौतुकानं सांगितलं. मला बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती.

कारण पुढे जे झालं, ते मी धरलंच नव्हतं. भाऊजींनी तुटलेल्या गिऱ्हाइकांना फोन केले. लेकीचं गाणं ऐकवलं. दोघंतिघं भुलले. भाऊजींनी वही उघडली आणि त्याच मापाचे, त्याच वेढ्यांचे सहा पिकअप करायला घेतले. पाठीमागे यंत्राची घरघर सुरू असायची, ते गुणगुणत असायचे, आणि मी पत्रा कापणारे सहा पिकअप तयार होताना निमूट बघत होतो. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगायचं. रोज संध्याकाळी कुलूप लावून घरी यायचो.

आठव्या दिवशी भाचीनं तारा बदलायला गिटार ठेवली. दुपारी मी सामान आणायला बाहेर गेलो. परत आलो, तर गिटार भाऊजींच्या टेबलावर उघडी पडलेली. शेजारी कपाटावरचा मीटर. पुसलेला. त्यात नवे सेल होते.

ते सेल त्यांनी आधीच आणून ठेवले असणार. म्हणजे शंका त्यांना आधीपासून होती.

"वहीतल्या वेढ्यांना मीटरवर आठ यायला हवा," भाऊजी शांतपणे म्हणाले. "हा सोळा दाखवतोय, म्हणजे वेढे कितीतरी जास्त. माझा कुठाय?"

मी खण उघडला. फडकं त्यांच्या हातात दिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त स्टूल ओढलं, अँप्लिफायरकडे पाठ केली आणि म्हणाले, "दोन्ही जोड. मी बघणार नाही. तू आलटून पालटून वाजव."

"भाऊजी, राहू द्या ना."

"वाजव म्हटलं ना!"

मी त्यांचा वाजवला. तो आवाज खरोखर हाडात शिरत होता. मी दात आवळून धरले. "बाजारचा," भाऊजी म्हणाले. बाजारचा वाजवला. "माझा." परत बाजारचाच वाजवला. "हा... हाही माझा." मग त्यांचा. भाऊजी स्टुलावरून उठले, गिटारच्या टोकावर रुमाल टाकला, त्यात दात रोवले आणि हात हलवला. मी वाजवत राहिलो. कुठला वाजवत होतो, ते आता मला आठवत नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहून रुमालावर पडत होतं.

दात काढून ते म्हणाले, "तुम्ही फसवलंत त्याचं काही नाही रे. पण मी दुसऱ्याचं काम छातीठोकपणे माझं म्हणून सांगितलं. गावभर सांगितलं." मग सहाही पिकअप त्यांनी समोर घेतले आणि कात्रीनं एकेकाचे वेढे कापले. त्या तारेचा खूप मोठा गुंता झाला. मी मदतीला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला.

"पोरीला सांगू नकोस मला कळलंय म्हणून. तिनं माझं मन राखलंय. ते तसंच राहू दे."

मी होकार दिला. आधी तिचं गुपित माझ्याकडे होतं, आता दोघांची. बाजारचा पिकअप मी पुन्हा बसवला. ती पट्टी भाऊजींनी स्वतः घासून पुसून माझ्या हातात दिली.

रविवारी भाची आली. नव्या तारा लावून गिटार तयार होती. तिनं अँप्लिफायरला जोडून चार घाव मारले आणि बाबांकडे बघितलं.

"बाबा, काय आवाज केलायस तू! सगळे विचारतात, कुणी केलाय म्हणून."

"माझाच आहे, वाईट कसा असेल?" भाऊजी हसले. मग डोळे चोळत म्हणाले, "पण हा शेवटचा हं. आता नाही करणार. डोळे साथ देत नाहीत, बारीक तार दिसतच नाही."

"असं काय रे बाबा," ती म्हणाली. पण म्हणता म्हणता तिनं श्वास सोडला, खांदे सैल झाले, आणि चेहऱ्यावरचा ताण क्षणात उतरला. सुटली होती बिचारी.

भाऊजींचे डोळे अजून ठणठणीत आहेत. त्यांना ते दिसलं.