तिठ्यावरचा काढा

प्लेनोत माझं पहिलं पाऊल पडलं ते नको तिथे.

डॅलसच्या विमानतळावरून माझी धाकटी बहीण शुभा आणि तिचे यजमान अजयराव मला घरी घेऊन चालले होते. टेक्सासातल्या या गावात रस्ते नदीसारखे रुंद, कंपन्यांच्या इमारती काचेच्या, त्यांच्यापुढची हिरवळ न्हाव्याने कापल्यासारखी. वर एवढं आकाश की आमच्या कराडचं आकाश त्याच्या एका कोपऱ्यात घडी घालून ठेवता येईल. सगळं होतं, फक्त पायी चालणारं माणूस नव्हतं. मी खिडकीला नाक लावून शोधत होते. अखेर एक गृहस्थ दिसले. त्यांना त्यांचं कुत्रं फिरवत होतं.

शुभाचं घर बरोबर तिठ्यावर आहे. समोरून येणारा छोटा रस्ता थेट तिच्या दाराकडे बघतो. घर नीट डोळ्यांत भरून घ्यावं म्हणून मी गाडी गॅरेजात शिरायच्या आधीच खाली उतरले, आणि पायाखाली पचकन काहीतरी आलं.

"ताई! ओलांडू नकोस!" शुभा गाडीतून किंचाळली.

"ओलांडलं नाही गं," मी खाली बघत म्हणाले. "मी त्यात उभी आहे."

ओला, काळपट ढीग होता. मुळांच्या चकत्या, संत्र्याची साल, बोटभर लांब काटे, मलूल झालेली बारीक फुलं. एखाद्या राक्षसाने चहा गाळून चोथा आमच्या दारात फेकावा तसा. तिठ्यावर टाकलेल्या अशा वस्तूंचा अर्थ मी तुम्हाला काय सांगायचा? आपण लहानपणापासून उताऱ्याला वळसा घालून शाळेत गेलेली माणसं.

शुभा एका मोठ्या कंपनीत आकड्यांचं काम करते. कित्येक वर्षं अमेरिकेत आहे. ती म्हणाली, "मी मानत नाही हं, ताई. अजिबात मानत नाही. पण मला सांग, आपल्याच दारासमोर का?"

"शेजारची चायनीज म्हातारी टाकते," अजयराव बॅग ओढत म्हणाले. "मी एचओएकडे (म्हणजे तिथल्या घरमालकांच्या सोसायटीकडे) कंप्लेंट करतोय. तिच्याविरुद्ध एक ऑलरेडी झालीय, कुणीतरी केलेली. दुसरी गेली की विषय क्लोज."

"नाव काय तिचं?"

"नाव नाही माहीत. चार वर्षांपूर्वी आले ते लोक, तेव्हा हाय केलं होतं."

इथे एक खुलासा करते. मला रागवायला आवडतं. आमच्या गावच्या हौशी नाटकांत मी इतक्या खाष्ट सासवा केल्या आहेत की राग कुठून चढवायचा, कुठे रोखून धरायचा आणि कुठे सोडायचा हे मला तोंडपाठ आहे. त्या म्हातारीवरचा राग मी तिथल्या तिथे चढवायला घेतला.

पहिले काही दिवस मात्र तो सोडायला जागा मिळाली नाही. शुभाने मला हिंडवलं. एका मेक्सिकन टपरीवर टाको खाल्ले (मक्याची छोटी भाकरी दुमडून आत भाजलेलं मटण). इतके फर्मास की मी त्या आचाऱ्याला मराठीत आशीर्वाद दिला. डॅलसपर्यंत ट्रेनने गेलो. डब्यात आम्ही दोघी आणि एक झोपलेला माणूस. मी इतक्या मोठ्याने बोलत होते की त्याने झोपेतच कूस बदलली.

आणि मग काखेत ठणका लागला.

काखमांजरी ज्यांना झाली आहे त्यांना सांगायला नको, आणि झाली नाही त्यांना सांगून उपयोग नाही. हात खाली ठेवता येत नाही. एकच सोय उरते, हात कमरेवर आणि कोपर बाहेर. म्हणजे मी ज्या दुकानात जाईन तिथे भांडायलाच आल्यासारखी उभी. एका दुकानात पोराने मी काही बोलायच्या आधीच माफी मागितली.

प्रवासाच्या विम्यासाठी फोन लावला. बराच वेळ सनई वाजवावी तसं कसलंसं संगीत ऐकवून एक सद्गृहस्थ अवतरले. "मॅडम, ही गाठ प्रवासाला निघण्यापूर्वी अस्तित्वात होती का?"

"अस्तित्वात असती तर तिचं वेगळं तिकीट काढलं असतं!" मी ओरडले. शुभाने फोन काढून घेतला.

अर्जंट केअरमध्ये (अपॉइंटमेंट नसलेल्यांचा दवाखाना) डॉक्टरने हसून गोळ्या दिल्या, शेक घ्यायला सांगितलं, आणि पिकली की या, कापू, म्हणाला. पिकायची वाट बघायला मी सातासमुद्रापलीकडे आले होते का? आंबा होता का तो?

संध्याकाळी शुभाने 'मी मानत नाही' असं पुन्हा एकदा जाहीर करून माझी दृष्ट काढली. मीठ, मोहरी, लाल मिरच्या गॅसवर टाकल्या मात्र, छताला चिकटवलेल्या धुराच्या भोंग्याने असा आकांत मांडला की अजयराव मीटिंगमधून हेडफोनसकट धावत आले. त्या गोंधळात शुभा माझ्यावरून उतरवलेलं लिंबू घेऊन हळूच बाहेर गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. कुठे गेली होती ते मी विचारलं नाही. रागात माणूस एकाच दिशेला बघतो, आणि माझी दिशा शेजारी होती.

दुसऱ्या दिवशी दोघं ऑफिसला गेली आणि मी निघाले. हात कमरेवर होताच, वेगळी तयारी लागली नाही.

शेजारचं गॅरेज अर्धं उघडं होतं. आतून वास येत होता, संत्र्याचा, मुळांचा आणि चक्क दारूचा. छोट्या शेगडीवर मातीचं भांडं रटरटत होतं आणि त्याच्यापुढे स्टुलावर सत्तरीची एक ठेंगणी बाई फुलाफुलांचा एप्रन बांधून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या कोपराकडे. मग काखेकडे बोट करून स्वतःचा गाल टम्म फुगवला. म्हणजे सूज? मी मान हलवली, आणि रागाची पहिली ओळच विसरले.

तिने फोन काढून भाषांची यादी माझ्यापुढे धरली, मी मराठीवर बोट ठेवलं. मग ती त्यात चिनी बोलली, आणि फोन बातम्या देणाऱ्या पुरुषाच्या आवाजात मराठी बोलू लागला. "हा काढा सुजेसाठी आणि गळवांसाठी आहे. याचं नाव, देवांनी दिलेलं जीव राखणारं पेय. माझ्या नवऱ्याच्या पोटरीवर गळू आहे."

"डॉक्टर?" मी फोनला विचारलं.

"डॉक्टरच्या गोळ्या चालू आहेत. गोळ्या मुलाच्या समाधानासाठी. काढा माझ्या समाधानासाठी."

बाई मला आवडायला लागली होती, आणि ते धोक्याचं होतं. मी आवाज चढवला. "मग चोथा आमच्या दारात का टाकता? तुमचं दुखणं आमच्या पायांवर? ही बघा, मी त्यात पाय ठेवला आणि मला ही झाली!"

फोनने ते चिनीत सांगितलं. बाई ताडकन उठली. मला वाटलं, रडणार. छे! तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले. माझा एकच होता.

"तुमच्या घराने आधी टाकलं!" फोन थंडपणे म्हणाला. बाई मात्र थंड नव्हती, भांड्यातला डाव उचलून हलवत होती. "रस्त्यावर मोठं फळ फोडलं. आत लाल रंग. माझ्या नवऱ्याचा पाय त्यात पडला. मग पोटरी सुजली. काल लिंबूही टाकलं. मी खिडकीतून पाहिलं. मी कुठे तक्रार केली?"

नवी गाडी घेतली तेव्हा शुभाने कुंकू भरून कोहळा फोडला होता. मला व्हिडिओ पाठवला होता. मी उत्तरादाखल जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं होतं.

रागाने लालबुंद दोन बाया, मध्ये रटरटणारं भांडं. मग मी तोच प्रश्न विचारला. "पण आमच्याच दारासमोर का?"

ती खाली बसली. भांडं ढवळत बराच वेळ बोलली. फोनने सगळं ऐकून घेतलं आणि एका दमात सांगितलं. "आमच्या गावात काढ्याचा चोथा रस्त्यावर टाकतात. लोक तुडवत जातात. प्रत्येक पाय थोडं थोडं दुखणं घेऊन जातो. पाय पुष्कळ असले की कुणाच्याच वाट्याला काही येत नाही. इथे पाय नाहीत. सगळे गाडीत. फक्त संध्याकाळी तुमचे लोक चालतात. म्हातारा, म्हातारी, पांढरे बूट. ते तुमच्या दारावरून जातात. म्हणून तिथे."

संध्याकाळी मीही त्या पांढऱ्या बुटांच्या घोळक्यात असायचे. नागपूरचे काका, पुण्याच्या मावशी, मुलांकडे आलेले सगळे आईबाप, गुडघ्यांची आणि सुनांची चर्चा करत. अख्ख्या प्लेनोत रस्त्याला पाय लावणारी माणसं तेवढीच, आणि त्या बाईने ती बरोबर हेरली होती.

तिचं नाव लिनबाई. मी विचारलं, तिने सांगितलं, एवढंच लागलं. घरात वास चालत नाही म्हणून सून तिला गॅरेजात शिजवू देते. सोसायटीची एक ताकीद आली आहे, आणि दुसरी आली तर शेगडी उचलू, असं मुलाने बजावलंय. हे सांगताना ती पहिल्यांदा हळू बोलली. फोनचा आवाज तेवढाच राहिला. तिने मला वाटीभर काढा दिला. मी एक घोट घेतला. दारू, माती आणि शंभर कडू शब्द एकदम. पूर्वी यात खवल्या मांजराचे खवले असत, आता बंदी आहे म्हणून बी घालतात, असं तिने सांगितलं तेव्हा घोट आधीच खाली गेला होता. बंदी घालणाऱ्याचं मी मनोमन भलं चिंतलं.

रात्री जेवताना मी राग नव्या पत्त्यावर पाठवला. "अजयराव, ती तक्रार करायची नाही."

"ताई, कालच सबमिट केलीय."

"मागे घ्या."

"अहो, विथड्रॉ करायला ऑप्शनच नाहीये. आणि आपण कशाला इन्व्हॉल्व्ह व्हायचं, यार?"

"चार वर्षं शेजारी राहून नाव नाही विचारलं, आणि तक्रार करताना बरे इन्व्हॉल्व्ह झालात!"

शुभा ताटात बघून भात कालवत राहिली. मी तिला सगळं सांगितलं, पोटरी, कोहळा, पाय.

शनिवारी सोसायटीची बाई आली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब्लेट, चेहऱ्यावर ते तिथलं टेक्सासच्या उन्हासारखं हसू. तिठ्यावर ताजा चोथा आणि शेजारी सुकलेलं लिंबू. लिनबाईच्या गॅरेजचं दार वीतभर उघडं, त्याखाली फुलाफुलांच्या चपला स्तब्ध. मी धावत बाहेर गेले. कोपर बाहेर. बाई एक पाऊल मागे सरली.

हा कचरा कुणाचा, तिने गोड आवाजात विचारलं.

"माय," मी म्हणाले.

आणि हे लिंबू?

"दॅट ऑल्सो माय!" मी छातीवर हात मारला. चुकीचा हात होता. काखेतून अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. अभिनयाची सोय आपोआप झाली.

दारातून अजयराव पुढे झाले. "ॲक्चुअली, दॅट्स नॉट..."

"अजय, आत जा," शुभा मागून म्हणाली. ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. चेहरा लाल, ओठ घट्ट. क्षणभर तिने शेजारच्या त्या चपलांकडे बघितलं. "इट्स अवर्स," ती म्हणाली. "फॅमिली थिंग."

बाईने टॅब्लेटवर काहीतरी बदललं. ताकीद शुभाच्या घराला मिळाली. साफ करा, आणि दिवस छान जावो! दिवस छान जावो म्हणणाऱ्या माणसाला झाडूने हाणता येत नाही, हा त्या देशातला सगळ्यांत मोठा अन्याय आहे.

गाडी दिसेनाशी झाल्यावर मी झाडू घेतला. तेवढ्यात लिनबाई फोन पुढे धरून तरातरा आली. मला वाटलं, आभार. फोन म्हणाला, "झाडू नका! अजून कुणी चाललेलं नाही!"

मग मी चपलांनी तो चोथा तुडवला, चांगला नाचून. शुभाने तुडवला, डोळे मिटून. आणि मी दाराकडे वळून माझ्या सर्वांत खाष्ट सासूच्या आवाजात हाक दिली, "अजयराव, बूट घाला. या."

ते आले. का आले, हे त्यांचं त्यांना माहीत. त्यांच्या त्या महागड्या बुटांखाली काटे कडाकड मोडले. लिनबाईने प्रत्येक पावलाला मान डोलावली, जणू हिशेब जुळत होता.

माझी गाठ पिकली, डॉक्टरने कापली. काढ्याने, शेकाने, गोळ्यांनी की दृष्ट काढल्याने, यावर चार मतं आहेत आणि चौघं आपापल्यावर ठाम आहेत. लिनबाईचा नवरा मी निघायच्या सुमारास काठी घेऊन पांढऱ्या बुटांच्या घोळक्यात दिसू लागला. नागपूरचे काका त्याला मराठीत राजकारण समजावत होते.

कराडला परत येऊन आता बरेच दिवस झाले. हात पूर्ण खाली जातो. राग मात्र गेलेला नाही, आणि मी तो घालवणारही नाही. दुखणं थोडं थोडं वाटून घ्यावं म्हणून एक म्हातारी पाय शोधत हिंडते, आणि एवढ्या रुंद रस्त्यांवर तिला पाय मिळत नाहीत, हे मला अजून सहन होत नाही. आमच्या चौकात उतारा दिसला की मी आता वळसा घालत नाही. थांबते, शिव्या घालते, आणि त्यावरून सरळ जाते.

परवा शुभाचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "ताई, मी हल्ली ऑफिसातून आले की गाडी कोपऱ्यावरच लावते आणि घरापर्यंत चालत येते."

"का गं?"

"उगीच. मी मानत नाही हं," ती म्हणाली. "अजिबात मानत नाही."