थंडोबाची टाकी

प्रयोगशाळेत त्याला सगळे थंडोबा म्हणत, कारण सव्वीस वर्षं तो चुंबकाच्या टाकीत हाडं गोठवणारं हेलियम भरत होता. डोकं मात्र भलतंच गरम. खिशात किल्ल्या घेऊन चुंबकाजवळ आलेल्या एका बड्या प्राध्यापकालाही त्याने दाराबाहेर पिटाळलं होतं. महिन्याभराने तो निवृत्त होणार होता आणि आजवर त्याची टाकी एकदाही कोरडी पडली नव्हती. हे तो चारचौघांत सांगे, बायकोला तर रोज.

टाकीच्या पोटात प्रयोग चालवणाऱ्या मॅडमनी दोन महिने जिवापाड जपलेले प्रतिद्रव्याचे कण होते. विश्वाच्या आरंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य जवळजवळ सारखंच होतं म्हणतात. दोन्ही एकमेकांना भिडून संपली आणि अब्जात एखादा कण द्रव्याचा उरला. त्या उरल्यासुरल्यातून दीर्घिका झाल्या, तारे झाले, थंडोबाही झाला. तो एक कण का उरला, हे मॅडमना शोधायचं होतं. मोजणी आज दुपारी संपणार होती. तोवर थंडी गेली तर चुंबक ढिला पडणार, कण भिंतीला लागणार आणि खेळ खलास.

सकाळी अकराला टाकीचा काटा उतरायला लागला. वरून हेलियम सोडलं, तर ते नळीतून आत जाईना.

"मागच्या जोडाला गळती असणार," मॅडम म्हणाल्या. "काका, काल भरून झाल्यावर नळीला टोपण लावलं होतं ना?"

थंडोबाला आठवलं. काल लेकीचा फोन आला म्हणून तो तसाच बाहेर धावला होता. उघड्या तोंडातून हवा आत शिरली आणि गोठून बर्फाचं बूच बसलं, हे त्याला तिथल्या तिथे कळलं. पितळी सळई घातली की दहा मिनिटांत नळी मोकळी झाली असती.

"लावलं होतं की," तो म्हणाला.

मॅडम जोड खोलायला बसल्या. काटा उतरत राहिला. थंडोबा एकेक पाना त्यांच्या हातात देत होता. स्वतःची लाज वाटत होती, पण सव्वीस वर्षांची फुशारकी आड येत होती. पंधरा मिनिटं गेली.

"मॅडम, नळीत बर्फ आहे," शेवटी तो म्हणाला आणि सळई घेऊन शिडी चढला. बूच फुटलं, हेलियम आत उतरलं. पण पडद्यावरची कणांची रेघ मिनिटभरापूर्वीच सपाट झाली होती.

मॅडम खुर्चीत बसल्या.

"बर्फ आहे हे तुम्हाला कधी कळलं, काका?"

आत्ताच, असं म्हणायला जागा होती. त्यांना ते पटलंही असतं.

"तुम्ही विचारलंत तेव्हाच," थंडोबा म्हणाला.