चाकणचा च

चाकणच्या ज्या कंपनीत मी नोकरी करते, तिथं बिस्किटं पॅक करायची मशीनं बनतात. मशीनवर लागणाऱ्या पाट्या कॉम्प्युटरवर तयार करायचं काम माझ्याकडे आहे. आखातातून पहिली ऑर्डर आली तेव्हा साहेबांनी अरबी पाट्याही मलाच दिल्या. "तुम्हाला वाचता येतं ना?" एवढंच विचारलं.

वाचता येत होतं. देहूरोडला आमच्या घरी अम्मी मोहल्ल्यातल्या मुलींना कुराण वाचायला शिकवते. मीही तिच्याकडेच शिकले. पण लिहायची वेळ आम्हा दोघींवर कधी आलीच नव्हती.

लॅपटॉपच्या कीबोर्डवर अरबी अक्षरांचे स्टिकर लावले आणि रविवारी घरी सरावाला बसले. छापील पानात 'बे' हे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला वेगळं दिसतं, मध्ये वेगळं, शेवटी वेगळं. इथं त्याला एकच बटण. पुढचं अक्षर दाबलं की आधीचं आपोआप वळून त्याला जोडलं जायचं. अम्मी मागं उभी राहून बघत होती.

"सरक जरा," ती म्हणाली.

एका बोटानं अक्षरं शोधत तिनं 'बिस्मिल्लाह' लिहिलं. जन्मभर वाचलेला शब्द स्वतःच्या हातून उमटलेला पाहून तिनं तो पुन्हा एकदा मोठ्यानं वाचला. मग म्हणाली, "आता तुझं चाकण लिहिते. च कुठाय?"

"अरबीत च नाही, अम्मी. पिंपरीचा प पण नाही. पाट्यांचं भाषांतर करणाऱ्यानं त आणि श जोडून 'त्शाकान' लिहिलंय."

"त्शाकान? असलं गाव हाय का कुठं? उर्दूत च हाय की. ज च्या पोटात एक नुक्ता, च च्या पोटात तीन."

मी लॅपटॉपवर उर्दू कीबोर्ड सुरू केला. त्यात तीन टिंबांचा च होता, प सुद्धा. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या पत्त्यात दोन्ही अक्षरं घातली. साहेबांना शंका आली, गिऱ्हाइकाला हे वाचता येईल का? शंका रास्त होती. त्यामुळं मशीन तपासायला आखातातून इंजिनिअर आला तेव्हा मी जुन्या आणि नव्या पत्त्याचे दोन्ही नमुने त्याच्यापुढं ठेवले. त्यानं तीन नुक्त्यांवर बोट टेकवलं आणि न अडखळता 'चाकान' वाचलं. बाहेरची नावं लिहिताना आमच्याकडेही कधीकधी हे अक्षर वापरतात, असं तो म्हणाला. तुमच्या गावाचं नाव तुम्ही म्हणता तसंच राहू द्या, म्हणाला.

पाटी मशीनवर बसली तेव्हा मी फोटो काढून घरी नेला. अम्मीनं तो बोटांनी मोठा करून पाहिला आणि शेजारच्या काकूंना दाखवला. "माझ्या लेकीनं लिहिलंय."

"दोघींनी," मी म्हणाले. तिनं ते कबूल केलं नाही, पण खोडूनही काढलं नाही.

आता तिच्याकडे येणाऱ्या मुलींना ती वाचनाबरोबर लिहायलाही लावते. कीबोर्ड शिकवायला रविवारी मी बसते. त्या मुलींनी सगळ्यात आधी आपापली नावं लिहिली.