सुगंधाआत्याच्या वाकळेतल्या पाच बाया

आत्याच्या वाकळेतून माझ्या मायला मीच उसवून काढलं होतं.

वय अकरा. हातात बाबांच्या दाढीचं ब्लेड.

सुगंधाआत्या आज सकाळी गेली. बाबांची थोरली बहीण. नव्वदीला टेकली होती.

शिरड शहापूरपासून कोसभरावर आमचं गाव. सत्तरच्या दशकातली गोष्ट, मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. आत्याला नवऱ्यानं टाकलेलं, म्हणून ती आमच्याकडंच राहायची. दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपायची आणि उरलेला जीव वाकळेत घालायची. गोधडीला आम्ही वाकळ म्हणतो.

औंढ्याच्या बाजारातला एक शिंपी तिच्यासाठी चिंध्या राखून ठेवायचा. गाठोडं सोडलं की तिचे डोळे बदलायचे. "ही बघ पिकली ज्वारी. हा कोंबड्याचा तुरा." आम्हाला नुसते तुकडे दिसायचे.

गावात महिला मंडळ नवीन निघालं होतं. दरवर्षी शाळेत वाकळेची कॉम्पिटिशन. विषय मंडळ देणार, आणि नवं कापड चालणार नाही, फक्त चिंध्या.

पहिल्या वर्षी विषय होता पाखरं. सगळ्यांनी मोर केले, आत्यानं उकिरड्यावरच्या कोंबड्या. नंबर आला नाही. पण लोक तिच्याच वाकळेपुढं हसत उभे होते.

दुसऱ्या वर्षीचा विषय, पाणी.

कुणी गंगा शिवली, कुणी कमळाचं तळं.

आत्यानं गावची विहीर शिवली.

विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बाया, काठापदराच्या. मग गोणपाटाची एक रिकामी पट्टी. आणि पट्टीच्या अलीकडं घागरी खाली ठेवून बसलेल्या पाच बाया. कुणी वरून ओतेल तेव्हा पाणी.

आम्ही बौद्ध. आमच्या बायांनी त्या विहिरीला शिवायचं नाही. कायद्यात नव्हतं हे. गावात होतं.

आत्या बोट ठेवून दाखवायची, "ही पारूमावशी. ही तुही माय. अन् ही हिरव्या चोळीची, मी."

मंडळाच्या अध्यक्षबाईंच्या कानावर गेलं. त्या स्वतः आमच्या अंगणापर्यंत आल्या. बाबा त्यांच्याच शेतात सालगडी होते.

"सुगंधा, हात सोन्याचा आहे गं तुझा. पण बाहेरचे पाहुणे येणार आहेत. तेवढ्या पाच काढून टाक. पहिला नंबर तुझाच."

"त्या पाचातली एक मी हाय, बाई. मीच मला काहून काढू?"

बाई रागावल्या नाहीत. "बघ, विचार कर," म्हणाल्या. जाताना बाबांकडं एकदा बघितलं.

बाई वाईट नव्हत्या. दुष्काळात आमच्या घरी त्यांनी ज्वारी पाठवली होती. हेच तर सांगायला अवघड जातं.

दुसऱ्या दिवशी आत्या कामाला गेली आणि बाबांनी वाकळ माझ्यापुढं टाकली.

"उसव. तुहे हात बारीक हायेत. कापड फाटू दिऊ नको."

"आत्या रागवंल."

"रागवंल तर घरात रागवंल. सालाचं काम गेल्यावर कुठं जायाचं, सांग?"

माय चुलीपुढं होती. मी तिच्याकडं बघितलं. तिनं फुंकणी उचलली आणि जाळ फुंकायला लागली.

मी उसवलं. आधी पारूमावशी. शेवटी माय.

ते तुकडे बाबांनी चुलीत टाकले. वाकळेवर सुईची भोकं तेवढी राहिली. घडी घालून बाबांनी ती स्वतःच शाळेत नेऊन दिली.

संध्याकाळी आत्यानं विचारलं, "वाकळ कुठाय?"

"दिली शाळेत."

तिला वाटलं, आपला भाऊ आपल्या बाजूनं उभा राहिला.

"बराबर केलंस, किसन," म्हणाली. स्वतःच्या ताटातली अर्धी भाकर तिनं बाबांना वाढली. बाबांनी ती खाल्ली. मी बघत होते.

कॉम्पिटिशनच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात दोरीवर वाकळा टांगल्या होत्या. आम्ही पार मागं बसलेलो. पहिला नंबर, सुगंधाबाई!

आत्या पदरानं तोंड पुसून उठली. दोरीपाशी पोचली आणि थांबली.

त्या मोकळ्या जागेवर तिनं तळहात ठेवला. टाळ्या चालूच होत्या.

मग तिनं वाकळ दोरीवरून ओढली, चार घड्या घातल्या आणि फाटकातून निघून गेली.

बक्षीस होतं वातीचा स्टोव्ह. तो बाबांनी घेतला. मान खाली घालून.

घरी तिनं विचारलंसुद्धा नाही, कुणी केलं. बाईंच्या रानात मात्र ती पुन्हा गेली नाही. कामाला दोन कोस चालत दुसऱ्या गावाला जायची. पुढची तीन-चार वर्षं मंडळाचा निरोप यायचा, यंदा विषय अमुक. ती नाही म्हणून मान हलवायची, बस्स. नंतर तिनं वाकळा खूप शिवल्या, शेजारपाजारच्या लेकरांसाठी. सरळ टाक्यांच्या. त्यात कधी माणूस नाही, पाखरू नाही.

बाबांच्या शेवटच्या आजारात सगळं तिनंच केलं. त्यांचं अंग पुसलं, भरवलं. त्या वाकळेविषयी चकार शब्द नाही.

मी चाळिशीत होते तेव्हा धीर करून सांगितलं.

"आत्या, ती वाकळ मी उसवली होती."

"ठावं हाय. किसनच्या हातानं कापड फाटलं असतं."

"मग मला कधी बोलली का नाहीस?"

"लेकरू व्हतीस. तुह्यावर राग न्हाई."

"आणि बाबांवर?"

तिनं सुईत दोरा ओवला.

"त्याचं भ्याव मला समजत व्हतं. पण राग हाय. तो मेला तरी हाय."

मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे आता. ती म्हणाली नाही. पुढच्या वीस-बावीस वर्षांतही कधी म्हणाली नाही.

आज तिला नेताना भावकीतलं कुणीतरी म्हणालं, "मनात काही न ठेवता गेली बिचारी."

मी तिथं गप्प बसले. इथं सांगते.

ठेवून गेली. आणि ते ठेवायचा तिला हक्क होता.

सुगंधाआत्या, तुला शेवटचा जय भीम.